डॉ. किंग यांचे तुरुंगातले पत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत डॉ. मार्टिन लूथर किंग यांच्यावर आलेला लेख वाचला. लेख श्रद्धेने लिहिलेला आहे आणि त्यातील तपशिलाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र किंग यांच्यावरील बहुतेक मराठी लेखांची जी वाट ठरून गेली आहे, तीच याही लेखाने धरली आहे. गांधीजींचे शिष्यत्व, वॉशिंग्टनच्या भाषणातले स्वप्न, नोबेल आणि हत्या, एवढ्यात चरित्र आटोपते. किंग यांनी पुस्तके लिहिली, नियतकालिकांत लेख लिहिले, आणि त्यांतून विरोधकांपेक्षाही हितचिंतकांशी कडाक्याचा वाद घातला, हे वाचकापर्यंत पोहोचतच नाही. मराठी वाचकाला त्यांचे एकच लिखाण वाचायचे असेल, तर ते बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र असावे, असे माझे मत आहे. ते ज्यांना उद्देशून लिहिले आहे त्यांच्यात आपण सारे, म्हणजे सकाळी वृत्तपत्र वाचणारे आणि जमल्यास संपादकांना चार ओळी लिहिणारे लोक, बरोबर बसतो.

हे पत्र मुळात वृत्तपत्रात छापून आलेल्या एका निवेदनाला दिलेले उत्तर आहे. १२ एप्रिल १९६३ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात मोर्चावरचा न्यायालयीन मनाई हुकूम मोडल्याबद्दल किंग यांना अटक झाली. त्याच सुमारास तेथील स्थानिक दैनिकात आठ गोऱ्या धर्मगुरूंचे निवेदन प्रसिद्ध झाले. हे आठ जण वर्णद्वेषाचा झेंडा मिरवणारे नव्हते. त्यांच्यात ख्रिस्ती बिशप होते, एक ज्यू रब्बाय होते, आणि न्यायालयांचे निर्णय शांतपणे पाळावेत असे आवाहन जानेवारी महिन्यात करणाऱ्यांपैकीच ते होते. आता त्यांचे म्हणणे एवढेच होते की, निदर्शने अविचाराची आणि अवेळी आहेत, त्यांत बाहेरच्या लोकांचा हात आहे, गाऱ्हाणी न्यायालयात आणि वाटाघाटींत मांडावीत, रस्त्यावर आणू नयेत. पोलिसांनी दाखवलेल्या संयमाबद्दल त्यांनी प्रशस्तीही दिली होती. शहराचे नाव बदलून हेच निवेदन कोणत्याही आंदोलनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडेही छापता येईल, आणि ते वाचून आपल्यापैकी पुष्कळजण माना डोलावतील.

किंग यांनी कोठडीत त्या वृत्तपत्राच्या समासातच उत्तर लिहायला घेतले, पुढे एका कृष्णवर्णीय कैद्याने पुरवलेल्या कागदाच्या तुकड्यांवर लिहिले आणि अखेरीस वकिलांनी आणून दिलेल्या वहीत ते पुरे केले. पत्रावर १६ एप्रिल ही तारीख आहे. एवढे लांबलचक पत्र लिहून आपला मौल्यवान वेळ घेतल्याबद्दल ते शेवटी दिलगिरी व्यक्त करतात आणि अरुंद कोठडीत एकट्याने दुसरे करणार तरी काय, असेही विचारतात. सुमारे सात हजार शब्दांच्या या मजकुरात एकही शिवी नाही. पत्र आरंभापासून अखेरपर्यंत सभ्य आहे, आणि त्यामुळेच ते वाचणाऱ्याला सुटका नाही.

‘अवेळी’ या आक्षेपाला त्यांनी दिलेले उत्तर आधी पाहावे, कारण त्यात हकीकत आहे. १९६२ च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या व्यापाऱ्यांशी बोलणी झाली होती. दुकानांतून लावलेल्या अपमानकारक वर्णभेदी पाट्या काढण्याचे आश्वासन मिळाले होते आणि त्या शब्दावर कृष्णवर्णीय नेत्यांनी निदर्शने थांबवली होती. काही पाट्या उतरल्या, त्या पुन्हा चढल्या, बाकीच्या जागच्या हलल्याच नाहीत. त्यानंतर महापौरपदाची निवडणूक आली, तेव्हा तिला बाधा नको म्हणून आंदोलन पुढे ढकलले गेले, आणि फेरमतदानाची वेळ आल्यावर आणखी एकदा ढकलले गेले. वाटाघाटी करा असे सांगणाऱ्या धर्मगुरूंना हा सारा इतिहास ऐकवून किंग म्हणतात की, ‘थांबा’ या शब्दाचा अर्थ आजवर बहुधा ‘कधीच नाही’ असाच निघाला आहे. मग येते ते त्यांचे प्रसिद्ध दीर्घ वाक्य, ज्यात झुंडीने मारलेले आईबाप, दूरचित्रवाणीवर जाहिरात पाहिलेल्या करमणूक बागेत आपल्याला का जाता येत नाही म्हणून रडणारी सहा वर्षांची मुलगी, प्रवासात कोणतेही मोटेल राहायला जागा देत नाही म्हणून गाडीतच अवघडून काढलेल्या रात्री, असे एकामागून एक येत राहते आणि वाचकाला श्वास घ्यायला पूर्णविराम मिळत नाही. तीनशेहून अधिक शब्दांचे ते वाक्य संपते तेव्हा, आम्हाला थांबणे का कठीण जाते हे आता आपल्याला समजेल, एवढेच किंग शांतपणे म्हणतात.

कायदा मोडण्याविषयीचा त्यांचा युक्तिवाद आपल्याकडे अर्धवट उद्धृत होतो. अन्याय्य कायदा मोडावा, एवढे ऐकून आपण थांबतो. किंग यांनी त्यावर अटी घातल्या आहेत. बहुसंख्य जो कायदा अल्पसंख्यांवर लादतात पण स्वतःला लावून घेत नाहीत तो अन्याय्य, आणि मताधिकार नाकारून ज्यांना कायदा करण्यात वाटाच दिला नाही त्यांच्यावर लादलेला कायदाही अन्याय्य. तो मोडायचा तर उघडपणे, द्वेष न बाळगता आणि शिक्षा भोगण्याची तयारी ठेवून. मोर्चासाठी परवाना लागतो या नियमात त्यांना स्वतःला काहीच गैर दिसत नाही. तो नियम वर्णविभाजन टिकवण्यासाठी वापरला जातो तेव्हा तो अन्याय्य होतो, इतका बारीक भेद ते करतात. हा भेद केवळ कागदावरचा राहिला नाही. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच बर्मिंगहॅम प्रकरणातील न्यायालयाच्या बेअदबीची शिक्षा कायम केली, आणि नोबेल पारितोषिक मिळालेला हा माणूस पुन्हा मुकाट्याने तुरुंगात गेला.

येथे मराठी वाचकाला महाड आठवल्यावाचून राहणार नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन झाल्यावर, त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला असता, स्पृश्य मंडळींनी तळे खासगी असल्याचा दावा लावून दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो अनुयायी जमलेले असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो हुकूम मानून सत्याग्रह तहकूब केला, दावा लढवला, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. बाबासाहेबांनी हुकूम पाळला आणि किंग यांनी मोडला, यावरून एकाला नेमस्त आणि दुसऱ्याला जहाल ठरवण्याचा उथळपणा कोणी करू नये. महाडला झगडा स्पृश्य समाजाशी होता आणि सरकारला विनाकारण त्याच्या बाजूला ढकलणे परवडणारे नव्हते. बर्मिंगहॅमला स्थानिक न्यायालय, पोलीस आणि नगरप्रशासन हेच प्रतिपक्ष होते. डावपेच परिस्थितीने ठरवले. दोन्ही ठिकाणी जमावाच्या हातून दगड सुटू नये याची जी काळजी घेतली गेली, तिच्यावर मात्र कोणीतरी अभ्यासाने लिहायला हवे.

पत्राचा गाभा यानंतर येतो. कृष्णवर्णीयांच्या वाटेतला मोठा अडसर कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या गोऱ्या संघटनेचा सभासद नसून न्यायापेक्षा सुव्यवस्था अधिक प्रिय असलेला गोरा मवाळ आहे, असा निष्कर्ष आपल्याला जवळजवळ काढावा लागत आहे, असे किंग लिहितात. तुमचे ध्येय मान्य आहे, पण तुमचा मार्ग मान्य नाही, असे तो सतत म्हणतो आणि दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचे वेळापत्रक आपण ठरवू शकतो असे समजतो. तणाव नसलेली शांतता आणि न्याय असलेली शांतता या वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला कळत नाही. हे परिच्छेद मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मोर्चामुळे लोकल चुकल्याबद्दल आपण काढलेले उद्गार मला आठवतात. मोर्चा कशासाठी होता हे आपल्यापैकी कितीजण विचारतात?

किंग यांची अहिंसा उपजत होती असाही समज दिसतो. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच पुस्तकात त्यांनी तो स्वतः खोडून काढला आहे. माँटगोमेरीतील बसबहिष्काराच्या काळात, ३० जानेवारी १९५६ रोजी, त्यांच्या घरावर बाँब टाकला गेला. त्या रात्री अंगणात जमलेल्या संतप्त जमावाला त्यांनी शस्त्रे घरी ठेवायला सांगितले हे खरे. परंतु त्यानंतर त्यांनीच गाडीत बंदूक बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, आणि पुढे पत्नी कोरेटा यांच्याशी विचार करून घरात असलेले एकमेव शस्त्रही काढून टाकले. येशूने प्रेरणा दिली आणि गांधींनी पद्धत, अशा आशयाचे त्यांचे वाक्य याच अनुभवातून आलेले आहे. तो बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि त्यात बसमधील जागा गोऱ्या प्रवाशाला देण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर रातोरात पत्रके छापणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांच्यासारख्या स्त्रियांचा वाटा नेत्यांइतकाच होता, हेही चरित्रलेखांतून गळते.

मुंबईशी असलेल्या त्यांच्या संबंधाचा लेखात उल्लेखही नाही, याचे गिरगावकर म्हणून मला अधिक वाईट वाटले. १९५९ च्या फेब्रुवारीत किंग दांपत्य भारतात आले ते मुंबईतच उतरले, आणि याच दौऱ्यात गावदेवीच्या मणिभवनात, गांधीजी जेथे राहत त्या वास्तूत, त्यांनी मुक्काम केला. परत गेल्यावर लिहिलेल्या लेखात मुंबईच्या फुटपाथांवर रात्री झोपणाऱ्या माणसांचे वर्णन आहे. त्याच लेखात, भारतात आज एकही पुढारी अस्पृश्यतेचे जाहीर समर्थन करण्यास धजणार नाही, अशी कौतुकाची नोंदही आहे. ही नोंद मला भाबडी वाटते. दौऱ्याची व्यवस्था गांधी स्मारक निधीकडे होती आणि भेटी प्रामुख्याने पंडित नेहरू, विनोबा अशा मंडळींच्या झाल्या. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन दोन वर्षे लोटली होती. दलित वस्तीतला माणूस काय म्हणतो हे पाहुण्याच्या कानावर पुरेसे गेले नसावे. तरीही केरळमधील एका शाळेत मुख्याध्यापकांनी ‘अमेरिकेतून आलेला आपला अस्पृश्य बांधव’ अशी ओळख करून दिली तेव्हा आपण आधी चमकलो, थोडे रागावलो आणि मग ते खरेच आहे असे आपल्याला पटले, ही आठवण त्यांनी १९६५ साली अटलांटातील आपल्या चर्चमधल्या प्रवचनात प्रांजळपणे सांगितली. पुढे १९७२ साली याच मुंबईत दलित तरुणांनी संघटना काढली तेव्हा नाव घेतले ते किंग यांच्या मार्गावर विश्वास न उरलेल्या ब्लॅक पँथर या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे. असे का झाले, याची चर्चा मराठीत व्हायला हवी आणि ती किंग यांना देव्हाऱ्यात बसवून होणार नाही.

१९६५ च्या मताधिकार कायद्यानंतरचे किंग तर आपल्याला जवळजवळ अपरिचितच आहेत. १९६६ साली ते शिकागोच्या झोपडवजा वस्तीत भाड्याने राहिले. ४ एप्रिल १९६७ रोजी त्यांनी व्हिएतनाम युद्धाचा उघड निषेध केला, तेव्हा कालपर्यंत स्तुती करणाऱ्या मोठ्या दैनिकांनी अग्रलेखांतून त्यांना चार गोष्टी सुनावल्या. बरोबर एक वर्षाने मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली, तेव्हा ते तेथे कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपासाठी गेले होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन कामगार तिच्या दाबयंत्रात चिरडून मेले, आणि सुमारे तेराशे कामगारांनी काम बंद केले. ‘मी माणूस आहे’ एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिलेले होते. ज्या शहरात पहाटे कचरा उचलणाऱ्या माणसाला आजही हातमोजे आणि बूट यांसाठी अर्ज करावे लागतात, त्या शहरात किंग यांचा हा शेवटचा लढा एका वाक्यात उरकणे बरे दिसत नाही.

म्हणून एक विनंती करतो. येत्या १६ एप्रिलला आपल्या पुरवणीत या पत्राचा मराठी अनुवाद, रीतसर परवानगी घेऊन, सविस्तर छापावा. आणि शेजारच्या रकान्यात आठ धर्मगुरूंचे ते छोटेसे निवेदनही छापावे. निवेदन आधी आणि पत्र नंतर, हा क्रम कृपया बदलू नये.

आपला नम्र,
एक वाचक,
गिरगाव, मुंबई