बाई, त्या दोन कागदांबद्दल

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत, हे ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. असं आलं की ते तुम्हाला परत करता येणार नाही.

मी तुमच्याकडे एकच प्रश्न घेऊन आलो होतो. रोज प्रार्थना करणारी, खोटं बोलायला कचरणारी माणसं देवासाठी म्हणून माणसं मारायला तयार कशी होतात? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. दोन कागद पुढे केलेत आणि म्हणालात, "या दोन्हींच्या मधे काय झालं ते बघ."

पहिला कागद १०७०च्या सुमाराचा. १०६६ साली इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याच्या बाजूने लढलेल्यांना नॉर्मंडीच्या बिशपांनी लावून दिलेली प्रायश्चित्तं. मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. घाव घातला पण तो माणूस मेला की जगला ते माहीत नाही, तर चाळीस दिवस. किती मारले याचा हिशेबच लागत नसेल, तर आयुष्यभर आठवड्यातला एक दिवस, नाहीतर एखादं चर्च बांधून द्यायचं. तिरंदाजांसाठी तर वेगळं कलम, कारण आपला बाण कुणाला लागला हे त्यांना कळणार कसं! ते वाचताना मला हसू आलं होतं. तुम्ही हसला नाहीत. लढाई आपल्याच धन्यासाठी, तीही जिंकलेली. तरी पाप ते पापच, आणि ते फेडल्याशिवाय सुटका नाही, असं ती माणसं खरोखर मानत होती.

दुसरा कागद नोव्हेंबर १०९५चा, फ्रान्समधल्या क्लेरमाँच्या धर्मसभेचा. पहिल्या क्रुसेडची, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाची, हाक दिली गेली ती इथेच. पोप अर्बन दुसरा याच्या काळातला हा ठराव जेमतेम एका वाक्याचा आहे. मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, तर केवळ भक्तीने जो देवाचं चर्च सोडवायला जेरुसलेमला जाईल, त्याचा तो प्रवासच सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल.

पंचवीसेक वर्षांत ज्याचं प्रायश्चित्त घ्यायचं तेच प्रायश्चित्त झालं. हे मला पुस्तकांतून कळलं असतं, पण असं दिसलं नसतं. त्या काळच्या सरदाराचा पेशाच तलवारीचा. त्याला नरकाची भीती खरी होती, आणि त्यातून सुटायचं तर तलवार खाली ठेवून मठात जायचं, एवढीच वाट त्याला दिसत होती. घर, जमीन, नाव सगळं सोडून. अर्बनने त्याला सांगितलं की तू आहेस तसाच ये, घोड्यासकट. नोजांचा मठाधिपती गिबेर याने थोड्याच वर्षांनी हेच उघडपणे लिहून ठेवलं आहे: मठात न जाताही तारण मिळावं म्हणून देवाने आमच्या काळात ही पवित्र युद्धं योजली. लिहिताना त्याला अवघडल्यासारखं झालेलं दिसत नाही. उलट, आनंदच झालेला दिसतो.

लूट, जमीन, राज्यं हे सगळं होतंच. क्रुसेडच्या सरदारांपैकी एक, बोहेमंड, सीरियाच्या वाटेवरच्या अँटिओकला पोचला आणि शहर बळकावून तिथेच राहिला. पण नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट याने निघण्यासाठी सगळी डची, म्हणजे आपलं राज्यच, भावाकडे गहाण टाकली, दहा हजार मार्क चांदीवर. लहानसहान सरदारांनीही जमिनी विकल्या, गहाण टाकल्या. एवढं देऊन निघालेल्या सगळ्यांना नुसतं लोभी म्हणून टाकलं की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. सुटत मात्र नाही.

तुमच्याबरोबर अर्बनच्या भाषणाची वर्णनं ओळीने वाचली, त्या दुपारींचं ऋण वेगळंच आहे. सगळी वर्णनं घटनेनंतर काही वर्षांनी लिहिलेली, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. फुल्चर या इतिहासकाराच्या वर्णनात अर्बन जेरुसलेमचं नावसुद्धा घेत नाही. रॉबर्ट नावाच्या मठवाशाच्या वर्णनात मात्र पूर्वेकडच्या ख्रिस्ती बांधवांच्या छळाचे अंगावर काटा आणणारे तपशील आहेत. "हे वाचून तुला आधी काय वाटलं?" असं तुम्ही विचारलंत. मला कणव वाटली होती. द्वेष त्याच्या मागून आला. मन वळवणाऱ्यांना नेमका हाच क्रम ठाऊक होता.

ती कणव कुठे जाऊन पोचली, तेही तुम्ही टाळू दिलं नाहीत. १०९६च्या वसंतात ऱ्हाइनकाठच्या टोळ्यांनी विचार केला की शत्रू इतका दूर, मग ख्रिस्ताचे मारेकरी म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं ते ज्यू तर इथे शेजारीच आहेत. वर्म्स आणि माइंझ इथल्या ज्यू वस्त्या कापून काढल्या गेल्या. श्पायरच्या बिशपने बहुतेकांना वाचवलं. माइंझच्या आर्चबिशपला ते जमलं नाही. अर्बनने हे सांगितलेलं नव्हतं. पण एकदा मारणं पुण्याचं ठरलं की कोणाला मारायचं हे सांगणाऱ्याच्या हातात उरत नाही.

मग तुम्ही मला दुसऱ्या, मुसलमानांच्या, बाजूला नेलंत. ११०५ साली दमास्कसमध्ये अल-सुलमी हा धर्मपंडित जिहादवरचा आपला ग्रंथ लोकांना वाचून दाखवत होता. त्याची सुरुवात शत्रूच्या दुष्टपणापाशी होत नाही. आपण कर्तव्य विसरलो म्हणून देवाने क्रुसेडवाल्यांचं हे संकट पाठवलं, असं तो म्हणतो. आधी स्वतःला सुधारा, मग लढा. सत्ताधाऱ्यांनी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. पुढे सीरियाचा सुलतान नूरुद्दीन याने जेरुसलेम हातात नसतानाच तिथल्या अल-अक्सा मशिदीसाठी मिंबर, म्हणजे प्रवचनाचं व्यासपीठ, घडवून घेतला, आणि ११८७ साली शहर घेतल्यावर सलाहुद्दीनने तो तिथे नेऊन बसवला. दोन्हीकडे आधी माणसाला स्वतःची लाज वाटायला लावली आहे, आणि मग ती धुऊन टाकायची जागा म्हणून रणांगण दाखवलं आहे. यात हरण्याचीही सोय आहे. ११४८ साली दमास्कसपुढे दुसरं क्रुसेड फसलं, तेव्हा ज्याने ते गाजवून उभं केलं त्या बर्नार्ड या मठाधिपतीने दोष दिला तो सैनिकांच्या पापांना.

पण पुकारलं की लोक उठतातच असं नाही, हेही तुमच्यामुळेच नीट कळलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून ऑटोमन सुलतानाने, जो खलिफाही होता, जिहाद जाहीर केला. ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन सत्तेखालच्या कोट्यवधी मुसलमानांनी उठावं अशी अपेक्षा होती, आणि पुकारणाऱ्याचे मित्र जर्मनी आणि ऑस्ट्रिया! मोठा उठाव झाला नाही. १९१६ साली तर खुद्द मक्केचा शरीफ हुसेन ब्रिटिशांच्या मदतीने त्याच खलिफाविरुद्ध उठला. फतव्यामागे खलिफा होता, शेख-उल-इस्लाम, म्हणजे साम्राज्याचा सर्वोच्च धर्माधिकारी, होता, छापखाना होता. त्या हाकेने ऐकणाऱ्याचं स्वतःचं काही सुटणार आहे, असं मात्र बहुतेकांना वाटलं नाही.

एका गोष्टीवर आपलं अजून जमलेलं नाही. मन वळवणारेही बहुधा मनापासून मानत होते, असं तुम्ही म्हणता. अर्बन आणि बर्नार्ड यांच्याबद्दल मी ते कबूल करतो. पण १६३१ साली, तीस वर्षांच्या युद्धात, फ्रान्सचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशल्यू याने जर्मनीतल्या कॅथलिक सम्राटाविरुद्ध लढायला प्रॉटेस्टंट स्वीडनला पैसे पुरवले, तेव्हाही जर्मनीतले साधे सैनिक धर्मासाठी लढतो असंच समजत असणार. रिशल्यूला कोणत्या रांगेत बसवायचं? तुमचं उत्तर मी ओळखून आहे, तरी ते लेखी हवं आहे. दोन कागदांसोबत तिसरा ठेवता येईल.

आपला,
तुमच्याकडे वाचायला बसलेला एक विद्यार्थी