राजगृह ते चैत्यभूमी ही वाट चालण्याजोगी करा

महोदय,

मुंबईत धावायला, चालायला देखण्या जागा कोणत्या असं विचारलं की ठरलेली नावं येतात. मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, वांद्र्याचा बँडस्टँड, आणि २०२५च्या ऑगस्टपासून किनारी रस्त्यालगतचा सव्वापाच किलोमीटरचा नवा विहारपथ. सगळ्या समुद्रकाठच्या. त्या सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण नायगावात राहणाऱ्या बाईला तिथे धावायचं तर अंधारात आधी बस किंवा टॅक्सी शोधावी लागते आणि घरच्यांच्या डब्याच्या वेळेला परतही यावं लागतं. म्हणून मला शहराच्या पोटातून जाणाऱ्या एका वाटेबद्दल लिहायचं आहे. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनपासून दादर चौपाटीपर्यंतची ही वाट जेमतेम साडेतीन-चार किलोमीटरची आहे आणि हजारो लोकांच्या दारातूनच जाते.

मी नर्स होते. नोकरी संपल्यावर धावायला लागले, तेव्हापासून ही माझी रोजची वाट. नर्स म्हणून मला या भागाचं विशेष मोल वाटतं, कारण तो एका साथीतून उभा राहिला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाटीवाटीत कोंडलेल्या माणसांना हवा-उजेड मिळावा म्हणून दादर-माटुंग्याची आखणी झाली. रुंद रस्ते, बेताच्या उंचीची घरं, मध्ये मोकळे बगीचे. ट्रस्टमधले अभियंते मंचेरजी जोशी यांनी पारशी कॉलनी वसवताना रस्त्यारस्त्यावर वेगवेगळी झाडं लावून घेतली. फिरदौसी रोडला महोगनी, जामे जमशेद रोडला अशोक. शंभर वर्षांपूर्वी केलेल्या त्या विचाराची सावली आज माझ्या डोक्यावर आहे. एप्रिल-मे महिन्यात सोनमोहोर फुलतो तेव्हा फाइव्ह गार्डनच्या कडेचा रस्ता पहाटे पिवळा झालेला असतो. झाडूवाल्या ताई येण्याआधी तो पाहायला मिळावा म्हणून मी मुद्दाम लवकर निघते.

तिथून पश्चिमेला डॉ. आंबेडकर मार्ग ओलांडला की हिंदू कॉलनी, आणि तिथे राजगृह. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथांचा विचार करून बांधलेलं घर. ७ डिसेंबर १९५६ रोजी त्यांची अंत्ययात्रा इथूनच निघाली आणि दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ६ डिसेंबरला देशभरातून येणारी माणसं ही दोन्ही ठिकाणं पायी गाठतात. या दोन जागांना जोडणारी, सावलीची, सलग चालता येईल अशी वाट शहरात असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आज ती सलग नाही. देखणे तुकडे आहेत, पण मधले सांधे निखळलेले आहेत. पहिला सांधा आंबेडकर मार्गाचा. पहाटे रस्ता मोकळा म्हणून ट्रक आणि टॅक्सी सुसाट असतात. नेहमीच्या पावलाने चालणारा ज्येष्ठ माणूस दुभाजकापर्यंत पोहोचतो आणि तिथेच अडकतो. पहाटे पाच ते आठ या वेळात तरी पादचाऱ्यांचा सिग्नल थोडा लांबवता येणार नाही का?

दुसरा सांधा टिळक पुलाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. या पुलावर थांबून पाहिलंत तर खालून मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेच्या लोकल जाताना दिसतात. पश्चिमेच्या अंगाला सेनापती बापट मार्गाकडे फुलबाजार जागा झालेला असतो. शेवंती, झेंडू, मोगरा, आपट्याच्या दिवसांत पानांचे भारे, आणि ते डोक्यावर घेऊन पहिल्या लोकलने आलेल्या बायका. मला विचाराल तर मुंबईतलं पहाटेचं सर्वांत देखणं दृश्य हेच आहे. समुद्राचा नंबर त्यानंतर. पण तिथे थांबायला जागाच नाही. पदपथावर समोरून भारा घेऊन एक माणूस आला की दुसऱ्याने खाली उतरायचं, आणि खाली बसगाड्या. टिळक पुलालगत नव्या केबल पुलाचं काम हाती घेतलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितलेली आहे. इथे तर भारे वाहणारी माणसं चालतात, त्यामुळे किमान जागेवर भागवू नये. पूल एकदा उभा राहिला की रुंदी वाढवता येत नाही, म्हणून हे आत्ताच बोलायला हवं.

पुढचं सारं सोपं आहे. कोतवाल उद्यान, मग शिवाजी पार्क. कट्ट्याभोवतीचा फेरा सव्वा किलोमीटरच्या आतला, वर पर्जन्यवृक्षांची छत्री. धावायला शिकणाऱ्याने इथेच शिकावं. तिथून चैत्यभूमी आणि चौपाटीवरचा माता रमाबाई आंबेडकर यांच्या नावाचा डेक. समोर सागरी सेतू दिसतो.

एक गोष्ट मात्र पुरुष धावपटूंच्या लिखाणात येत नाही, म्हणून मीच लिहिते. पहाटे साडेपाचला या वाटेवर बाईला जाता येईल असं उघडं, स्वच्छ, दिवा असलेलं शौचालय मिळणं कठीण आहे. कितीतरी बायका निघण्याआधी पाणी पीत नाहीत. दिवसभर तशाच राहणाऱ्या बायकांना लघवीच्या मार्गाचा संसर्ग झालेला मी वॉर्डात उभं आयुष्य पाहिला आहे. साठीच्या बायका तर या एका कारणासाठी चालणंच सोडतात आणि कुणाला कारण सांगत नाहीत.

दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनसाठी रस्ते बंद होतात, पाण्याची केंद्रं लागतात, फिरती शौचालयं येतात. २००४ पासून हे होत आलं आहे, म्हणजे कसं करायचं ते शहराला येतं. आमची मागणी रस्ते बंद करण्याची नाही. महापालिकेने या वाटेवरची तीन शौचालयं (फाइव्ह गार्डन, कोतवाल उद्यान आणि शिवाजी पार्क यांच्याजवळची) पहाटे पाचला उघडावीत, तिथे महिला कर्मचारी नेमावी आणि उघडण्याची वेळ दारावर मराठीत लिहावी. पुलाच्या पदपथाचा आराखडाही काम पुढे जाण्याआधी नागरिकांना पाहायला ठेवावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, नायगाव, मुंबई