‘मिडब्रेन’ शिबिरांची बातमी छापण्याआधी

महोदय,

उन्हाळी सुट्टी जवळ आली की शाळांच्या फाटकांवर ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ची पत्रके वाटली जातात. पाठोपाठ डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचणाऱ्या मुलांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकतात. मध्यमेंदू (मिडब्रेन) जागा झाला की मूल न पाहता रंग ओळखते, अक्षरे वाचते, अभ्यासात पुढे जाते, असे पालकांना सांगून हजारो रुपये घेतले जातात. असे फोटो छापण्याआधी संपादकांनी, आणि शिबिराला वर्ग देण्याआधी मुख्याध्यापकांनी, एक साधी चाचणी करून घ्यावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र.

मध्यमेंदू हा मेंदूस्तंभाचा, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाचा, सर्वांत वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा भाग. निरोगी माणसात तो जन्मापासून कामात असतो. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोळ्यावर टॉर्च धरला की बाहुली आकसते, ते मध्यमेंदूमुळे. पापणी उचलणाऱ्या आणि डोळा वर, खाली, नाकाकडे वळवणाऱ्या मज्जातंतूचे केंद्र इथेच आहे. त्याच्या पाठीकडे चार छोटे उंचवटे असतात. अचानक काही हलले की नजर तिकडे वळते ती वरच्या जोडीमुळे. खालची जोडी आवाजासाठी. पुढच्या बाजूला डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या काळसर पेशींचा पट्टा आहे. त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक पेशी नष्ट झाल्यावर हात थरथरणे, चाल मंदावणे सुरू होते. हाच पार्किन्सनचा आजार. आपल्याला जागे ठेवणारे तंतूही इथूनच वर जातात, म्हणून मध्यमेंदूला मोठी इजा झाली की माणूस कोमात जातो. लहान मुलात त्याच्या मागच्या बाजूला गाठ वाढली तर वर पाहता येईनासे होते. जे मूल शिबिरात चालत येते, शिक्षकाच्या आवाजाकडे वळते, फळ्याकडे मान वर करून पाहते, त्याचा मध्यमेंदू आधीच उत्तम काम करतो आहे. त्यात जागे करण्यासारखे काही उरलेले नाही.

वाचनाची वाट वेगळी आहे. अक्षरावरून आलेला प्रकाश दृष्टिपटलावर पडतो, तिथून सुमारे दहा लाख तंतूंच्या दृष्टिमज्जेतून संदेश मेंदूच्या आत असलेल्या थॅलॅमस या केंद्रात आणि मग मेंदूच्या मागच्या खंडात जातो. अक्षर म्हणून त्याची ओळख मुख्यतः डाव्या मेंदूच्या तळाकडचा एक भाग पटवतो, आणि हा भाग लिहिणे-वाचणे शिकल्यानंतरच त्या कामाला तयार होतो. डोळ्यावर प्रकाशच पडला नाही तर पुढचे काहीही घडत नाही. या दाव्याच्या थोडी जवळ जाणारी एकच खरी गोष्ट वैद्यकात आहे. मागच्या खंडाला इजा होऊन दृष्टी गेलेले काही रुग्ण ‘काही दिसत नाही’ म्हणत असतानाही समोर हलणाऱ्या वस्तूकडे अचूक बोट दाखवतात. त्यात मध्यमेंदूच्या वरच्या उंचवट्यांचा वाटा असावा असे मानले जाते. पण त्या रुग्णांचे डोळे उघडे आणि शाबूत असतात, आणि या मार्गाने त्यांना पुस्तक वाचता येत नाही.

मग पट्टी बांधलेली मुले वाचतात कशी? नाकाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या खोबणीत कापडी पट्टी बसत नाही. तिथून खाली पाहायला फट राहते. फोटो नीट पाहा: कार्ड छातीशी किंवा नाकाजवळ धरलेले असते, हनुवटी किंचित वर उचललेली असते. ‘वासावरून ओळखतो’ असे सांगून कार्ड नाकाशी नेणे, हा त्याच फटीचा उपयोग.

चाचणीला खर्च जवळजवळ नाही. पट्टी शिबिराची नको, आपली घ्यावी: पोहण्याचा चष्मा आतून काळ्या चिकटपट्टीने झाकलेला, पापण्यांवर कापसाची घडी आणि नाकाच्या कडेने सर्जिकल टेप. कार्ड कपाळाच्या उंचीवर, हातभर अंतरावर धरावे. चार रंगांची कार्डे पिसून वीस वेळा दाखवावीत. कार्ड धरणाऱ्यालाही रंग माहीत नसावा, नाहीतर त्याच्या आवाजातून आणि थांबण्यातून मुलाला सुगावा लागतो. प्रशिक्षक खोलीबाहेर. प्रत्येक उत्तर आधी लिहून घ्यावे, मगच कार्ड पाहावे. नुसत्या अंदाजाने वीसपैकी सरासरी पाच बरोबर येतात. पंधरा किंवा अधिक येण्याची शक्यता दहा लाखांत चारच्या आसपास आहे. एवढेही जमत नसेल तर नेहमीच्या पट्टीसह खोलीत मिट्ट काळोख करावा. डोळ्यांशिवाय वाचता येत असेल तर काळोखाने फरक पडायला नको.

मात्र ही चाचणी प्रेक्षकांसमोर करू नये. फटीतून पाहणारे मूल लबाड नसते. आईवडिलांनी पैसे भरले आहेत, बाकीच्या मुलांना ‘दिसते’ आहे, मलाच दिसत नाही, या दडपणाखाली ते डोकावायला शिकते. त्याला चारचौघांत उघडे पाडणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होईल.

याच दुकानात बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी ‘डीएमआयटी’ ही चाचणीही विकली जाते. दहा बोटे म्हणजे मेंदूचे दहा भाग, हा तिचा पाया. त्वचेचा बाहेरचा पापुद्रा आणि मेंदू गर्भाच्या एकाच थरातून बनतात, हे खरे आहे; पण केस, नखे आणि दातांवरचे एनॅमलही त्याच थरातून बनते. बोटांवरच्या रेषा गर्भातच कायमच्या ठरतात. कपाळामागचा खंड मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो आणि विचार करताना तो मागच्या-वरच्या खंडांशी मिळून काम करतो. बुद्धी एकाच खंडात साठवलेली नसते. अशा अहवालावरून दहावीनंतरची शाखा ठरवली जाते, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

सर्वांत मोठे नुकसान ज्यांना खरोखर मदत हवी असते त्या मुलांचे होते. वर्गात मधूनच पाच-दहा सेकंद शून्यात पाहणाऱ्या मुलाला एकाग्रतेच्या शिबिराला पाठवतात. तो अपस्माराचा (फिट्सचा) एक प्रकार असू शकतो. अशा मुलाला तपासणीत तीन मिनिटे कागदी भिरभिरे जोराने फुंकायला लावले तर बहुधा डॉक्टरांसमोरच तसा शून्यात पाहण्याचा झटका दिसतो, ईईजीवर (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर) सेकंदाला साधारण तीनच्या लयीत लहरी उमटतात आणि औषधाने बहुतेकांना चांगला उतार पडतो. वाचन अडखळत असेल तर आधी डोळे आणि कान तपासावेत, हिमोग्लोबिन पाहावे, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी करावी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश असल्याने प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत सवलती मागता येतात.

ज्या पालकांनी पैसे भरले आहेत त्यांनी पत्रक, पावती आणि व्हॉट्सॲपवरचे दावे जपून ठेवावेत. फसव्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

आपले,
बालमेंदूविकार विभागातील काही डॉक्टर, पुणे