सुझौहून पत्र : खेकडा आणि टोफू

सुझौ,
कार्तिक शुद्ध पक्ष

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

टोफूला स्वतःची चव नसते, तो मांस न खाणाऱ्यांच्या समाधानासाठी असतो, हे तुझे मत मला ठाऊक आहे, आणि त्या मताला उत्तर द्यावे म्हणूनच आज सविस्तर लिहायला बसलो आहे. शांघायहून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत-बाहेर सुझौ येते. येथील जुन्या भागात, पिंगजिआंग रस्त्याच्या कालव्याजवळील एका लहान खाणावळीत मी खेकड्याच्या मांसात आणि गाभोळीत शिजवलेला टोफू खाल्ला. हा पदार्थ वर्षभर मिळतो असे फलकावर दिसते. पण तो खरा असतो तो शरद ऋतूतच, कारण त्याचा सगळा जीव ताज्या खेकड्यात आहे.

हा खेकडा आपल्या चिंबोरीपेक्षा लहान असतो आणि त्याच्या नांग्यांवर दाट लव असते. तो वाढतो गोड्या पाण्यात, परंतु प्रजननासाठी थंडीच्या तोंडावर यांगत्से नदीच्या मुखाकडे, मचूळ पाण्यात उतरतो. या प्रवासाआधी तो अंगात जे साठवून ठेवतो, त्यासाठीच माणसे वर्षभर वाट पाहतात. सुझौजवळच्या यांगचेंग सरोवरातील खेकडे सर्वांत नावाजलेले. हिरवट पाठ, पांढरे पोट, सोनेरी पाय आणि पिवळसर लव ही त्यांची लक्षणे येथे लहान मुलेही सांगतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सरोवरातील खेकडे बाजारात येऊ लागतात आणि मग नकली माल इतका वाढतो की दुसरीकडे वाढवलेले खेकडे थोडे दिवस या सरोवरात सोडून त्याच नावाने विकले जातात.

तुला विशेष आवडेल ती गोष्ट कालगणनेची. नवव्या चांद्रमासात मादी खावी आणि दहाव्यात नर, असा येथील रिवाज आहे. हे महिने आपल्याप्रमाणेच अमावास्येच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे त्यांचा नववा महिना म्हणजे बहुतेक वर्षी आपला आश्विन आणि दहावा म्हणजे कार्तिक. नवव्या महिन्याच्या नवमीला त्यांचा सण असतो. त्या दिवशी उंच जागी चढून जायचे आणि शेवंतीची फुले पाहायची. सहसा आपल्याकडे तेव्हा खंडेनवमी असते! चिंबोऱ्या अमावास्येला भरलेल्या असतात असे तुमच्या रेवदंड्याला म्हणतात, आणि येथेही खेकड्याचा हिशेब चंद्रावरच चालतो, हे पाहून मला फार आनंद झाला. आश्विनात मादीची गाभोळी नारिंगी आणि रवाळ होते. कार्तिकात नराच्या अंगातील वीर्यरस दाट, चिकट आणि किंचित पारदर्शक होतो. सध्या दोन्ही मिळतात, म्हणून माझ्या मते या पदार्थासाठी हेच दिवस सर्वोत्तम.

खाणावळीच्या दाराशीच दोन वयस्क बायका उकडलेले खेकडे सोलत बसल्या होत्या. खेकडा गवताच्या दोरीने बांधून, पोट वर करून वाफवतात, म्हणजे पाय गळत नाहीत आणि आतला ऐवज बाहेर वाहत नाही. बारीक पायातील मांससुद्धा त्या कात्री आणि टोकदार सळईने अखंड बाहेर काढत होत्या, आणि एवढ्या वेळाने वाटीत जे जमले होते ते पाहून या पदार्थाची किंमत मला अगदी रास्त वाटली. पुढे हे मांस आणि गाभोळी डुकराच्या चरबीत, भरपूर आल्याबरोबर मंद आचेवर परततात, त्यावर शाओशिंगची तांदळाची मदिरा घालतात, आणि हळूहळू चरबीला केशरी रंग चढतो.

आता टोफू. सोयाबीनचे दूध येथे बहुधा जिप्समने विरजतात. उत्तरेकडे त्यासाठी मीठ पिकल्यावर उरणारे कडू पाणी वापरतात आणि तिकडचा टोफू घट्ट होतो. येथील टोफू खरवसाइतका मऊ असतो. त्याचे चौकोनी तुकडे आधी मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढतात, म्हणजे कच्च्या सोयाबीनचा वास जातो आणि तुकडे जरा धरून राहतात. मग ते रश्शात सोडतात, वर खेकडा घालतात, आणि डावाने ढवळण्याऐवजी कढईच हलवत, थोडे थोडे पिठाचे पाणी घालून रस दाट करतात. शेवटी पांढरी मिरी आणि काळ्या व्हिनेगरचे चार थेंब. या दाट रसामुळे वर वाफ दिसत नाही, पण आत टोफू कढत असतो, म्हणून वाढणाऱ्या बाईंनी हाताने खुणावून थांबायला सांगितले.

श्रीकांत, नुसता उकडलेला खेकडा मी आदल्या दिवशी खाल्ला होता आणि तो उत्तम होता. परंतु त्यात गाभोळीचे दोन घास झाले की जीभ भरून जाते आणि पुढचे घास तितके कळत नाहीत. टोफूबरोबर तसे होत नाही. प्रत्येक चमच्यात आधी खेकड्याचा गोडवा आणि त्यामागून गाभोळीची जड, किंचित खारट चव येते, टोफू ती जिभेवरून हलकेच बाजूला करतो, आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. शिवाय सोयाबीनचा स्वतःचा मंद गोडवा आहे, तो येथे स्पष्ट जाणवतो. म्हणून मी टोफूला या पदार्थातील भर म्हणायला तयार नाही. खेकड्याइतकाच मान त्याचा आहे. साध्या पांढऱ्या भातावर हा रस घेऊन मी वाडगा पुसून खाल्ला, आणि तुझ्या आईंच्या हातचे चिंबोऱ्यांचे कालवण ज्याला आवडते त्याला हे आवडणार नाही, असे मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी तू खरोखर ये. दिवाळीनंतरचा आठवडा धरलास, तर नर आणि मादी दोन्ही मिळतील. मोठ्या, झगमगीत हॉटेलात जाऊ नये. जेथे खेकडे डोळ्यांदेखत सोलले जातात तेथेच बसावे, कारण डबाबंद गाभोळीने केलेला टोफू रंगाने असाच दिसतो आणि चवीला नुसता तेलकट लागतो. खेकडा प्रकृतीने थंड मानतात, म्हणून जेवणानंतर तांबड्या साखरेचा आल्याचा काढा देतात, तो अवश्य घ्यावा. व्हिसाला वेळ लागतो, तेव्हा श्रावणातच अर्ज कर.

आईंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव