दुर्बिणीतली जांभळी कड

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू विचारलंस ना, दुर्बीण किती पट मोठं दाखवते, मी घाईत एक आकडा सांगून टाकला आणि नंतर ते मला खटकतच राहिलं, कारण पट हा खरा मुद्दाच नाहीये रे.

माझी दुर्बीण भिंगाची आहे, पुढचं भिंग ८० मिलीमीटर रुंद. पुढचं बहिर्गोल भिंग चंद्राचा प्रकाश वाकवून ९०० मिलीमीटरवर एकत्र आणतं आणि तिथे चंद्राची उलटी प्रतिमा तयार होते. काल आयपीस काढून मी त्या जागी ट्रेसिंग पेपर धरला, तर त्यावर जेमतेम ८ मिलीमीटरचा चंद्र, डागांसकट! आयपीस म्हणजे हीच प्रतिमा जवळून बघायचं छोटं भिंग, बस. ९०० ला आयपीसच्या फोकल लेंथने, म्हणजे त्याचं भिंग जितक्या मिलीमीटरवर प्रकाश एकत्र आणतं त्या अंतराने, भागायचं, २५ चं लावलं की ३६ पट, १० चं लावलं की ९० पट, म्हणजे पट तर आपल्या हातात आहे. हातात नाही ती पुढच्या भिंगाची रुंदी. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलीमीटर उघडते, त्यापेक्षा हे भिंग साधारण १३० पट प्रकाश गोळा करतं, आणि प्रकाशच कमी असेल तर पट वाढवून नुसतं धूसर दिसतं.

आता भिंगाच्या दुर्बिणीत तेजस्वी गोष्टींभोवती दिसते ती जांभळी कड. काल शुक्राभोवती बारीकशी दिसली. काच निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाकवते, त्यामुळे सगळे रंग एका जागी येतच नाहीत. सतराव्या शतकात लोकांनी यावर उपाय म्हणून दुर्बिणी लांबच लांब केल्या, हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाची तर जवळपास ४५ मीटरची होती, विचार कर, वाऱ्यात ती हलत कशी असेल! मग क्राउन आणि फ्लिंट अशा दोन वेगळ्या जातींच्या काचांची भिंगं जोडायची युक्ती निघाली, १७५८ मध्ये लंडनच्या डॉलंड या भिंगवाल्याने तिचं पेटंट घेतलं, माझ्या दुर्बिणीतही तीच जोडी आहे. रंग बराच आवरतो, पूर्ण नाही.

आकाश बघायला खरोखर वापरलेली भिंगाची सगळ्यात मोठी दुर्बीण अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेची, १८९७ ची, भिंग १०२ सेंटीमीटरचं. त्याहून मोठं करून चालेना, कारण भिंगाला फक्त कडेनेच आधार देता येतो आणि ते स्वतःच्या वजनाने वाकतं. आरशाला मागून आधार मिळतो, म्हणून पुढच्या मोठ्या दुर्बिणी सगळ्या आरशाच्या. पण चंद्र, ग्रह, जोडतारे यांना मला अजून भिंगाचीच आवडते, आरशाच्या दुर्बिणीतल्यासारखा छोटा आरसा मध्ये आड येत नाही, चित्र कसं कोरीव दिसतं. आणि बायनॉक्युलर, सर्व्हेवाल्यांचं कोन मोजायचं यंत्र थिओडोलाइट, त्यातही हेच तत्त्व आहे बघ.

तू येशील तो दिवस वाढत्या अर्ध्या चंद्राचा निवड, पौर्णिमा नको, तेव्हा सावल्या जवळजवळ नसतातच. अर्ध्या चंद्रावर उजेड संपतो तिथे अंधारात एकेकटे ठिपके चमकतात, ती डोंगरांची टोकं, तिथे ऊन नुकतंच पोचलेलं असतं. तासाभराने परत बघ, ठिपका थोडा मोठा झालेला असेल.

तुझाच,
बाळ्या