डबा आधी, ताळेबंद मग

महोदय,

परवा आमच्या सहकारी बँकेची वार्षिक सभा झाली. कुपन दाखवून स्टीलचा डबा घेणाऱ्यांची रांग भाषणे सुरू झाली तरी दाराशीच होती. आत ताळेबंदासह सगळे ठराव 'मंजूर, मंजूर' करत पंधरा मिनिटांत उरकले. थकीत कर्जांबद्दल विचारायला मी उठलो, तर मागून आवाज आला, "काका, बेसी जाओ ने, नास्तो ठंडो थाय छे!"

हे बडोद्यात घडावे! विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ साली अन्योन्य मंडळी ही सहकारी पतसंस्था काढली ती याच गावात. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये. पुढे त्या मंडळीची बँक झाली आणि अखेर तिचा परवानाही गेला, हेही आपण पाहिले.

२०२० च्या कायदादुरुस्तीनंतर नागरी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची पकड घट्ट झाली, ते बरेच झाले. पण कर्ज घेतलेल्या कोणत्या बिल्डरची स्कीम तीन वर्षे अर्धवट उभी आहे, हे तपासनीसाला कागदांतून शोधावे लागते. आम्हाला ते दूध आणायला जाताना दिसते. छोट्या बँकेचे बळही याच ओळखीत आहे. मोठ्या बँकेने आयकराचे रिटर्न मागून परत पाठवलेल्या आमच्या गल्लीतल्या शिवणकामवाल्या बाईंना मशीनसाठी कर्ज मिळाले ते इथेच. शेअर एक असो की शंभर, सभासदाला मत एकच. ते आपण डब्यावर देऊन टाकतो.

शेजारच्या काकूंनी एकाच बँकेच्या तीन शाखांत पाच-पाच लाख ठेवलेत. प्रत्येक पावतीला पाच लाखांचा विमा, अशी त्यांची समजूत. प्रत्यक्षात एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी, व्याज धरून, एकत्र मोजतात आणि त्यावर पाच लाखच मिळतात. काउंटरवर हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मी सांगितले तेव्हा त्या पावत्या घेऊन खुर्चीत बसूनच राहिल्या.

सभेच्या नोटिशीबरोबर बँकांनी एक साधा कागद द्यावा, गुजरातीत आणि जमल्यास मराठीत: थकीत कर्जे किती, त्यासाठी तरतूद किती, भांडवल पुरेसे आहे का, विमा किती रकमेपर्यंत. आणि डबे सभा संपल्यावर वाटावेत.

— एक सभासद, दांडिया बाजार, बडोदे