परदेशी मित्राची भेट आणि कस्टमचा फोन

संपादक महोदय,

ऑनलाइन ओळखीतून परदेशी मित्र जोडले जातात, मग सणावाराला भेटी जातात-येतात. नागपूरकर हमखास पाठवतो ती संत्रा बर्फी. पण ती खव्याची असेल तर ऑस्ट्रेलिया किंवा युरोपीय संघात पोचत नाही. दुग्धजन्य पदार्थांना तिथे बंदी असल्याने ती जप्त होते. त्यापेक्षा भंडाऱ्याच्या कोसा रेशमाचा स्टोल पाठवावा. हलका असतो, नासत नाही, फुटत नाही. कस्टम फॉर्मवर वस्तू, नग, वजन आणि खरी किंमत लिहावी. नुसते ‘गिफ्ट’ लिहिले की पार्सल अडते.

चिनी कुटुंबाला घड्याळ आणि जपानी मित्राला चार नगांचा संच देऊ नये, दोन्हींचा संबंध मृत्यूशी लावतात. जपानी माणसाला व्हिडिओ कॉलवर पाकीट उघडायचा आग्रहही नको. महाग वस्तू तर टाळावीच, कारण तिकडे साधारण निम्म्या किमतीची परतभेट देण्याची रीत आहे आणि समोरचा उगाच अडचणीत येतो.

खरी काळजी घ्यायची ती येणाऱ्या भेटीबाबत. काही आठवड्यांच्या गोड गप्पांनंतर ‘तुझ्यासाठी आयफोन, सोने आणि पौंड पाठवलेत’ असा निरोप येतो. पाठोपाठ दिल्ली विमानतळावरून ‘कस्टम अधिकारी’ फोन करतो. आधी ड्युटी, मग नोटा बदलायचे शुल्क, मग मनी लाँडरिंगच्या गुन्ह्याची धमकी. आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो, आणि सगळा सापळा याच आशेवर उभा असतो.

डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधे सोडून परदेशी भेटींना ‘भेट’ म्हणून करमाफी नाही. म्हणजे ड्युटी खरोखर लागू शकते. पण ती टपालाच्या पार्सलवर पोस्टात पावती घेऊन भरायची असते, कुरिअर असेल तर कंपनीच्या बिलावर. कोणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा वैयक्तिक यूपीआयवर कधीच नाही. टपालाच्या पार्सलचा क्रमांक दोन अक्षरे, नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरे असा असतो; तो भारतीय डाकच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा, समोरच्याने पाठवलेल्या लिंकवर नाही. कस्टमचे पत्र आले तर त्यावरचा डीआयएन, म्हणजे पत्राचा ओळख क्रमांक, सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर तपासता येतो.

पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नये. त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोचली, तरच बँकेला ती गोठवता येते.

सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत पार्सल खिडकीशेजारी ही माहिती मोठ्या मराठी अक्षरांत लावावी, अशी टपाल खात्याला विनंती आहे.

एक वाचक, नागपूर